उतारा दाखवा

कोयना धरणाकाठच्या बामणोलीला मी गेले ती पत्रकं घेऊन. परत आले तेव्हा पिशवीत अर्ध्याहून जास्त पत्रकं तशीच होती, आणि जी वाटली गेली तीही परत गोळा करता आली तर बरं, असं वाटत होतं. जे त्या बाजूला गेलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जे गेलेत त्यांना कदाचित माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल.

पलूस

आमच्या घरात पंचांग नव्हतं, पत्रकं होती. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी पाण्याच्या चळवळीत होते. समान पाणीवाटप, धरणग्रस्तांचे हक्क, बुवाबाजीला विरोध, असं सगळं गुलाबी आणि पिवळ्या स्वस्त कागदावर छापलेलं आमच्या माळ्यावर गठ्ठ्यांनी पडलेलं असायचं. मी अक्षरं त्याच्यावरच शिकले. बाकीच्या पोरांचा 'अ' अननसाचा होता, माझा अन्यायाचा.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड माळावर, वसाहत आहे. कोयनेचं धरण झालं तेव्हा वरच्या खोऱ्यातलं आंबघळ नावाचं गाव पाण्याखाली गेलं आणि त्यातली काही घरं इकडे आणून बसवली. तीन पिढ्या झाल्या तरी गावात त्यांना 'धरणवाली' म्हणतात. हिराआत्या त्यांच्यातली. आंबघळ सोडलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. आता सत्तरी ओलांडली, तरी हंगामात तासगावला शेडवर बेदाणा निवडायला जाते. माझी ती सख्खी आत्या नव्हे. वसाहतीत आणि गावात ती सगळ्यांचीच आत्या.

तिनं मला सांगितलं ते असं. वैशाखात धरणाचं पाणी उतरतं आणि आंबघळच्या घळजाईच्या देवळाचं जोतं उघडं पडतं. जोत्याची खालची पायरी पाण्यात असेल तेवढ्या दिवसांत तिथं जाऊन यायचं, हे आधी तिच्या आईनं पाळलं, पुढं तिनं. देवळाकडं उतरणारी एक जुनी पायवाट आहे. त्या पायवाटेवर आता रिसॉर्ट झालं आहे. मागच्या वैशाखात तिथल्या रखवालदारानं लग्नाचं बुकिंग आहे म्हणून तिला फाटकावरूनच परत लावलं.

मग काही वाईट झालं का, असं मी विचारलं. माझ्या घरात तसं विचारायची पद्धत नाही, पण विचारलं.

"वाईट न्हाई काय झालं," ती म्हणाली. "पर वरीसभर पाठीवर कुनीतरी बसल्यागत वाटतंय. ह्या वर्साला न्हाई जमलं तर परत जमायचं न्हाई, पोरी. गुडघं गेलं माजं."

एवढं मला पुरेसं होतं. पाणी सर्वांचं, मग काठ एकट्याचा कसा? त्याच दिवशी मी पत्रक लिहायला घेतलं: 'धनदांडग्यांनी गिळलेला काठ'. लिहिता लिहिता एक शंका आली. पुरावा काय म्हणून कुणी विचारलं तर? मी उठून वसाहतीत गेले. आत्या शेण्या रचत होती.

"आत्या, उतारा आहे का तुझ्याकडं?"

"हाय की. दरवर्साला असतोच. त्याबिगर कशी जाईन?"

मी घरी येऊन ठळक टायपात ओळ घातली: 'आंबघळच्या जनतेकडे उतारा आहे, मग वाटेवर कुलूप का?' पलूसच्या झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठाभर प्रती काढल्या, आणि फोटो काढून दहा-बारा ग्रुपवर टाकला.

सातारा

निघताना आत्याच्या मांडीवर एक टोपली होती, वर हिरवं फडकं बांधलेलं. आत काय आहे विचारलं तर म्हणाली, तांदूळ, लिंबू, देवीचं आपलं. एकच अट होती. टोपली जमिनीला टेकवायची नाही. एसटीत मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की जमिनीला टेकल्यानं तांदळाला काही होत नाही. तिनं ऐकून घेतलं. किर्लोस्करवाडीच्या पुढं ती झोपली, टोपली मात्र पोटाशी तशीच.

कराडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिला बाथरूमला जायचं होतं म्हणून टोपली माझ्याकडं आली. तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली, लोक धावले, आणि मी रुमाल टाकून जागा धरायला खिडकीशी गेले. परत वळले तर टोपली फरशीवर होती. मीच ठेवली होती. आत्या समोरून येत होती. तिनं पाहिलं. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन टोपलीभोवती शिंपडलं आणि ती उचलून गाडीत चढली. मी अंधश्रद्धेवर एवढं बोलून झाल्यावर साताऱ्यापर्यंत मला चोरी केल्यासारखं का वाटत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

साताऱ्याला आत्याच्या भाचीकडं मुक्काम केला. दोन खोल्यांचं घर. टोपली पाळण्याच्या कडीला टांगली. जेवायला वांग्याची भाजी आणि चपात्या होत्या. आमच्याकडं पाहुणा आला की भाकरी करतात आणि इथं चपाती, यावर आत्या नाराज होती, पण नाराजी तिनं तीन चपात्या खाऊन झाल्यावर बोलून दाखवली. पहाटे उठून तिनं टोपलीतले तांदूळ शिजवले, भात निववला, त्यात दही कालवलं, आणि पुन्हा फडकं बांधलं.

कासच्या पुढं

कासचं पठार सगळ्यांना फुलांमुळं माहीत आहे. वैशाखात तिथं फूल नसतं. करपलेलं गवत, काळा कातळ, आणि कंडक्टर. तो माझ्या पिशवीकडं बघून म्हणाला, "फुलं बघाय आलाय व्हय? मग जरा लवकरच आलायसा. चार महिनं बसा आता."

घाटातून खाली वळण घेतलं की पाणी दिसतं. माझी समजूत होती की काठ म्हणजे एक रेघ असते: अलीकडं जमीन, पलीकडं पाणी. इथं तसं नव्हतं. पाणी खाली गेलेलं, आणि वर झाडांच्या ओळीपर्यंत उघडी, लाल, एकावर एक वळं पडलेली जमीन. चहा पिऊन ठेवलेल्या कपाला पडतात तशी. त्यातलं कुठलं वळं म्हणजे काठ? पत्रकात मी 'काठ' हा शब्द सात वेळा वापरला होता.

आत्या खिडकीतून बोट दाखवत होती. ते आमचं घर होतं, असं म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, न्हवं, ते असंल. मग बोट खाली घेतलं. "पानी दरवर्साला निराळंच उतरतंय," ती म्हणाली. "गाव जागंवर न्हाई ऱ्हात."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आणि पाट्या होत्या. आमच्याकडं हद्द म्हणजे बांध. त्यावरून भांडणं होतात, डोकी फुटतात, पण बांधावरून कुणीही चालू शकतं. तारेवरून चालता येत नाही. हे वाक्य मला फार आवडलं आणि पुढच्या पत्रकासाठी मी ते वहीत लिहून ठेवलं.

फाटक

बामणोलीपासून वडाप जीपनं आम्हाला फाटकाशी सोडलं. लोखंडी फाटक, त्याला गुंडाळलेली जाड साखळी, वर पाटी: 'खाजगी मालमत्ता. परवानगीशिवाय प्रवेश नाही.' आत उतारावर पांढरे तंबू, आणि खूप खाली, पाण्याला लागून, काळ्या दगडांचा एक चौकोन. आत्यानं टोपली या हातातून त्या हातात घेतली. "ते बघ," म्हणाली. "पायरी पान्यात हाय अजून."

तिनं हाक मारली. चाळिशीचा एक माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, वर आला. मालकाला बोलवा, असं मी त्याला म्हणाले. मीच की, असं तो म्हणाला. त्याचं नाव संपत. आत्यानं त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"तू गेनूतात्याचा नातू काय रं? नाक त्येच हाय."

तो गेनूतात्याचाच नातू होता. आत्याचा बाप आणि त्याचा आजा चुलत भाऊ. आंबघळची बाकी घरं बुडाली, संपतच्या आज्याचं दोन ताली, म्हणजे उतारावरच्या शेताच्या दोन पायऱ्या, वर होतं म्हणून राहिलं. बुडालं नाही म्हणून त्यांना भरपाई नाही, वसाहत नाही, रस्ताही नाही. त्याचा बाप मुंबईत ओझी उचलून म्हातारा झाला. संपतही बारा वर्षं तिथंच होता, आणि मग परत येऊन उरलेल्या वरकस जमिनीवर त्यानं हे तंबू टाकले. तो आत्याच्या पाया पडला. मागच्या वर्षी तो साताऱ्याला गेला होता आणि रखवालदार बाहेरचा होता, हे त्यानं दोनदा सांगितलं.

मी हे सगळं ऐकत होते आणि पत्रकातला धनदांडगा शोधत होते.

तो माझ्याकडं वळला. "तुमी पत्रकवाल्या ताई काय? माज्या मोबाइलवर आलंया ते. चार दिस घरात तेच चाललंय. बायको म्हनती, अवं धनदांडगं, जरा पानी भरा."

मी विचारलं की सार्वजनिक वाटेवर फाटक का? तो म्हणाला, सार्वजनिक म्हणजे कोण ते आधी ठरवा. पूर्वी फाटक नव्हतं तेव्हा शनिवारी गाड्या यायच्या, खाली पाण्यापर्यंत, बाटल्या फोडून जायच्या. "आनि सोमवारी माजी म्हस लंगडती. पब्लिक येऊन म्हशीचा पाय बघतंय व्हय?" त्यानं खाली हद्दीचे दगड दाखवले. दगडापर्यंत जमीन त्याची, दगडाखाली सरकारची. "पानी हाटलं की सरकार दिसतंय, पानी चढलं की सरकार बुडतंय," म्हणाला. पुढं त्याचं म्हणणं, सरकारच्या जमिनीवर जायला मी अडवत नाही, फक्त तिथं पोचायला माझ्या जमिनीवरनंच जावं लागतं, त्याला मी काय करू?

मी म्हणाले, वहिवाट आहे. पिढ्यान्पिढ्यांची. आणि आमच्याकडं उतारा आहे.

"मग दाखवा उतारा. मी बी शोधतोय कवाचा. मला गावला न्हाई."

मी आत्याकडं वळले. ती खुशीनं पुढं आली आणि टोपलीवरचं फडकं सोडलं. दहीभात, त्यावर हळदकुंकू, लिंबू, कणकेचा दिवा, दोन हिरव्या बांगड्या.

"ह्यो की," ती म्हणाली. "साऱ्या वसाहतीवरनं उतरून आनलाय. लेकरंबाळं, आजारपान, दिष्ट, समदं."

संपतनं टॉवेल तोंडावर घेतला. तो हसत होता की नाही ते मला दिसलं नाही, आणि बरं झालं. बुवाबाजीविरोधी पत्रकांवर वाढलेली मी दहीभाताच्या जोरावर सातबारा सिद्ध करायला निघाले होते, आणि तसं छापूनही बसले होते.

पण मुद्दा तरी सुटला नव्हता. संपत म्हणाला, चल आत्या, मी हात धरून नेतो, दरवर्षी ये, कुणी अडवणार नाही. मी म्हणाले, तसं लिहून द्या. ही वाट हक्काची आहे, मेहेरबानी नको. तो म्हणाला, "कागुद दिला की उद्या बाटलीवाला बी त्योच कागुद दावंल. आत्याला वाट हाय. कागदाला न्हाई." मी विचारलं, तुम्ही उद्या ही जागा पुण्याच्या कुणाला विकलीत तर? त्यानं टॉवेलनं गुडघ्यावरचा चिखल पुसला. "तवाचं तवा," म्हणाला.

ऊन चढत होतं. सूर्य डोक्यावर यायच्या आत टोपली पाण्याला लागायला हवी होती. मी आत्याला म्हणाले की आज तू अशी गेलीस तर उद्या वसाहतीतल्या कुणालाच हक्कानं जाता येणार नाही. थोडं थांब. ती थांबली. खरंच थांबली, टोपली छातीशी धरून, उन्हात, दुखऱ्या गुडघ्यांवर. मग म्हणाली, "तू बस हितं हक्क धरून. मी जाऊन येते."

संपतनं तिला आत घेतलं, साखळी पुन्हा गुंडाळली, आणि दोघं उतरू लागली. मी फाटकाबाहेर दगडावर बसले.

खालच्या जोत्यावर फोटो काढणं चाललं होतं. लग्न ठरलेली एक मुलगी, लांब लाल झगा पायऱ्यांवर पसरलेला, नवरामुलगा, कॅमेरेवाले. वरून सगळे बोटाएवढे दिसत होते. संपत काही बोलला, ते बाजूला झाले. आत्या पायरी उतरून पाण्यात शिरली. मग ती मुलगी चपला काढून, झगा दोन्ही हातांनी वर धरून तिच्या मागोमाग पाण्यात गेली. ती आत्याला आधार देत होती की तिचा फोटो निघत होता, ते मला एवढ्या लांबून सांगता आलं नाही.

मध्ये संपतची बायको वर आली. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि वाटीभर करवंदं. आत येऊन सावलीला बसा म्हणाली. मी म्हणाले, कुलूप निघाल्याशिवाय येणार नाही. ती हसली, ताट फाटकावरून माझ्या हातात दिलं आणि गेली. का हसली ते मला कळलं नाही. भाकरी फार चांगली होती. आमच्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा काळी आणि गोडसर. धनदांडग्याची भाकरी खावी का, यावर विचार करेपर्यंत ती संपली.

आत्या एकटीच वर येताना दिसली. मोकळ्या हातांनी, लुगडं पोटरीपर्यंत भिजलेलं. मागं एकदाही बघितलं नाही. फाटकाशी आली तेव्हा मी हाक मारणार होते, संपतला कुलूप काढायला बोलवणार होते. ती थांबली नाही. तिनं साखळीचा वेढा सोडला, फाटक ढकललं आणि बाहेर आली. साखळीला कुलूप नव्हतंच. म्हशी बाहेर जाऊ नयेत म्हणून ती गुंडाळलेली असायची. मी त्या फाटकाला एकदाही हात लावून पाहिला नव्हता.

मुकी वाट

मी तिला विचारलं, झालं का नीट? तिनं ओठांवर बोट ठेवलं. उतारा सोडून आलं की मागं बघायचं नाही आणि घरच्या उंबऱ्यावर पाय धुवेपर्यंत बोलायचं नाही. हे मला बामणोलीच्या चहावाल्यानं सांगितलं. त्याला ती न बोलता दिसली आणि सगळं समजलं. मला अख्ख्या दिवसात समजलं नव्हतं.

त्यामुळं परतीच्या वाटेवर मी एकटीच बोलत होते. कासपर्यंत मी तिला पटवून दिलं की संपतचं चुकतं. साताऱ्यापर्यंत मला वाटायला लागलं की त्याचं बरोबर आहे. उंब्रजला मी पुन्हा पहिल्या मतावर आले. ती मान हलवत होती, पण ती गाडीच्या हादऱ्यानंही हलत असेल. कंडक्टरनं तिला कुठं जायचं विचारलं, तिनं माझ्याकडं बोट केलं. तो मला हळूच म्हणाला, "आज्जी मुक्या हायती व्हय? बिचाऱ्या." आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की तो सरळ पुढच्या सीटकडं गेला.

कराडजवळ पुलावर मात्र तिनं मला कोपरानं ढोसलं. खिडकीतून खालचं पाणी दाखवलं, मग बोट पुढं, आमच्या गावाच्या दिशेला केलं. पुन्हा पाणी, पुन्हा गाव. मी विचारलं, तहान लागली का? तिनं कपाळाला हात लावला आणि डोळे मिटून घेतले.

पाणंद

वसाहतीतल्या तिच्या उंबऱ्यावर मीच तिच्या पायांवर पाणी घातलं. ती खाली बसली, पाठ भिंतीला टेकवली, दोन-तीनदा खांदे हलवून बघितले. पाठीवरचं उतरलं का, असं मी विचारलं नाही. मला ते दिसत होतं, आणि दिसतंय हे मान्य करणं मला जड जात होतं.

"ती पोरगी भली व्हती," हे तिचं पहिलं वाक्य. "पान्यात माजा हात धरला तिनं. न्हाईतर पडलेच आसते." मग पदरानं पाय पुसत म्हणाली, "आता यवडी वाट न्हाई जमायची मला. फुडच्या वर्सापासनं हितंच सोडंन म्हनते. तुला पुलावर तेच सांगत हुते. घळजाईचं पानी कोयनंतनं कराडला येतंय, आन तितनं कृष्णंतनं आपल्याच दारात. पानी एकच हाय की."

मला बरं वाटलं. सगळा गुंता सुटला असं वाटलं. नदीवर कुठून जाशील, मी विचारलं.

"तुमच्या रानातनं. आमी नवं आलो तवा वसाहतीला नदीवर जायाला तुमच्या बांधाकडंनं पाणंद व्हती. बैलगाडी जायाची. आता ऊस हाय तितं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुज्या आबाला ठावं आसंल कुठनं व्हती ती. इचार त्याला."

सकाळी आबा विहिरीवर मोटरचा फूटव्हॉल्व्ह खोलून बसले होते. मी पाणंदीचं विचारलं. होती, म्हणाले. मग वरच्या रानवाल्यानं पाणंदीतली एक सरी आत घेतली, खालच्यानं दोन घेतल्या, आपण एकट्यानंच सोडून काय उपयोग? पुढं सगळ्यांच्याच रानात ती बंद आहे. मी म्हणाले, पण ती वसाहतीची वाट होती. आबांनी वर न बघता रबरी वायसर फुंकून साफ केला.

"कुणाकडं काय कागद हाय का? उतारा दाखवा म्हणावं."

पाण्याची पत्रकं लिहिणारा हाच माणूस होता, आणि मी अक्षरं त्याच्याच हाताखाली शिकले होते. थोड्या वेळानं त्यांचे हात थांबले. "ऊस तुटल्यावर बघू," म्हणाले, जरा हळू आवाजात.

मी उसात शिरले. पुरुषभर उंच लागणीचा ऊस, पात्यांनी हात ओरबाडले. बांधाच्या बाजूनं तिसऱ्या सरीत एक उभा दगड सापडला, चुना उडालेला, मातीत गुडघाभर गेलेला. तो पाणंदीचा आहे की साधाच आहे, ते मला सांगता येत नाही.

बामणोलीच्या पत्रकांची मागची बाजू कोरी आहे. त्यातलं एक घेऊन मी पाणंद मोकळी करण्याचा अर्ज लिहायला बसले. वर 'प्रति' असं लिहिलं, पुढं आबांचं नाव लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आमचा ऊस मार्गशीर्षात तुटेल. वैशाख त्याच्यानंतर पाच महिन्यांनी येतो.